उजेड पाठीशी

पहिला रोल कोराच निघाला.
फिल्मचं टोक दात्यांत बसलंच नव्हतं
आणि मी आठ दिवस दिवाडीभर
खटक् खटक् करत हिंडलो होतो:
फेरीबोट, फेरीबोटीतली स्कूटर,
स्कूटरवर बांधलेलं फणसाचं पोतं.
म्हापशाच्या स्टुडिओत, जिथे
पासपोर्टवाल्यांसाठी एक कोट कायम खिळ्याला असतो,
आवेर्तानने पट्टी दिव्यासमोर धरली.
"मांडवी छान आलीय. धुक्यातली."
हसला नाही. धुण्याचे पैसे घेतले.

दुसऱ्या रोलात मांडवी आली खरी,
पण कलती.
त्याने चहाचा ग्लास त्याच कोनात कलता केला
आणि टेबलावर ओघळ येईपर्यंत थांबला.
"नदी अशी असती तर रायबंदर बुडालं असतं."
फडक्याने मीच पुसलं.

मग शीलावतीच्या साखरपुड्यात
तिच्या सासऱ्यांच्या टोपीतून विजेचा खांब उगवला,
तारांसकट.
शपथेवर सांगतो, मला तो दिसलाच नव्हता.
डोळा एकाकडे बघतो,
कॅमेरा सगळ्यांकडे.
हे वाक्य मी पावतीच्या मागे लिहून ठेवलं
आणि पावती हरवली.

खरी खोड त्याने तिसऱ्या महिन्यात पकडली.
तांबड्या पेन्सिलीने गोल करत गेला:
मासळीवालीची पाठ. पाद्रीची पाठ.
फुटबॉल बघणाऱ्या नऊ जणांच्या पाठी.
"गावातल्या माणसांना तोंडं नाहीत?"
मी म्हणालो, लेन्स लहान पडते.
"लेन्स नाही. पाय.
जवळ जा. नाव विचार. मग काढ.
आणि उजेड पाठीशी घे."

सांतान रेंदेर संध्याकाळचा माडावर चढत होता
सूर काढायला, कमरेला कोयती.
मी जवळ गेलो. नाव विचारलं.
लहानपणापासून माहीत होतं, तरी विचारलं.
"काढ," म्हणाला, "पण थांब म्हणू नकोस.
वर थांबता येत नाही."
एवढं धाडस केल्यावर बाकीचं कोण लक्षात ठेवतो?
सूर्य समोर, माड समोर,
आणि सांतान
कात्रीने कापलेला काळा कागद.
कोपऱ्यात माझं बोट, गुलाबी, ढगासारखं.
आवेर्तानने मागच्या बाजूला फुली मारली.

जूनमध्ये सांतान पडला.
माडावरून नाही, घरच्या पायरीवरून.
गुडघा गेला तो गेलाच.
मी त्याला दारातल्या मऊ सावलीत बसवलं,
मीटर दोनदा पाहिला,
कडा उंबऱ्याशी जुळवली, मागे खांब नाही ना बघितलं,
आणि काढला:
दाढीचे खुंट मोजून घ्यावेत असा.

दोन्ही फोटो घेऊन गेलो.
त्याच्या बायकोने, इनासिनने, चष्मा शोधला,
चांगला फोटो बराच वेळ बघितला,
मग पालथा ठेवला
आणि काळा उचलला.
"हो म्हजो घोव," म्हणाली.
"हे बोट कोणाचं?"
"माझं. कापून देतो कडा."
"नको. माड कापला जाईल."
आता तो भिंतीवर आहे, क्रुसाखाली,
तांबड्या बल्बच्या उजेडात, बोटासकट.

फेरी पकडली, मग बस.
आवेर्तानला सांगितलं, थोडं मिरवतच.
तो खिळ्यावरचा कोट झटकत होता.
"तिला आवडला, ते तिचं.
चूक ती चूक. सूर्य कुठे होता?"
"समोर."
"आणि बोट?"
मी बोट वर करून दाखवलं.
"बरं. नवा रोल काढ.
टोक दात्यांत बसतंय का ते
माझ्यासमोर बघ."